वाळू संपायच्या आत

गोराई

चि. प्राजक्ता,


तुझ्या यंत्राला तरुण संशोधकांचा पुरस्कार मिळाला, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. पाठोपाठ फोटो आला. मी तो शेजारच्या चार घरी दाखवून आले. परिचारिका म्हणून माझी निम्मी नोकरी मुलांच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजण्यात गेली, आणि माझी भाची त्याच कामाचं यंत्र करते, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता पुढं काय करू, असं तू विचारलंस. पेटंट, नवी स्पर्धा की दुसरं यंत्र? तिन्ही थोडे दिवस राहू देत. आहे त्याच प्रश्नापाशी थांब.

असं का म्हणते, ते सांगते. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणसं, पोरं घामानं भिजायची, हातपाय गार पडायचे, फुप्फुसात पाणी भरून जीव जायचा. ते रुग्णाच्या उशाशी बसून काय आधी होतं नि काय मागून, ते टिपत राहिले. त्या टिपणांतून 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला. तेव्हा ते तिशीत नुकतेच शिरले होते. 1986 साली दुसरा लेख आला, प्राझोसिनवरचा. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. तिनं विंचूदंशाचे मृत्यू झपाट्यानं खाली आणले. कुणालाही वाटलं असतं, काम झालं. पण 2011 साली डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत त्यांनी ‘बीएमजे’त आणखी एक अभ्यास छापला. 70 रुग्णांपैकी निम्म्यांना नुसतं प्राझोसिन दिलं, निम्म्यांना त्याच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष. दोन्ही औषधं दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. ज्या औषधानं त्यांचं नाव झालं होतं, ते एकटं पुरेसं नाही, हे त्यांनी स्वतःच दाखवलं. पहिल्या लेखापासून तिथवर 29 वर्षं गेली आणि विंचू तोच होता. 2022 चा पद्मश्री मला त्या मानानं लहान वाटतो.

तुझ्या कामाला तर याहून जवळचं उदाहरण आहे, आणि ते तुझ्या प्रयोगशाळेत कुणी सांगितलं असेल की नाही, कोण जाणे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग 1986 पासून गडचिरोलीत काम करत होते. न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात: दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर 50. पण गावातल्या दायांना तिथपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांनी दायांना आकडे शिकवण्याचा हट्ट धरला नाही, मोजण्याची रीतच बदलली. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्याजवळ तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. या श्वासमापकावरचा त्यांचा लेख 1992 साली छापून आला. त्यात सेल नाही, पडदा नाही. बिघडायला काही ठेवलेलंच नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

पवईला 2014 पासून ‘बेटिक’ आहे, तिथं डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसून उपकरणं घडवतात, तिथून निघालेला डिजिटल स्टेथोस्कोप बाजारात पोचला, हे तूच मला सांगितलं होतंस. ऐकून बरं वाटलं. पहिला नमुना उभा करायला आता तुमच्यामागं माणसं आहेत. पण पुरस्कार बहुतेक त्या नमुन्यालाच मिळतात, आणि आम्हाला यंत्र लागतं ते तिसऱ्या पावसाळ्यात.

आमच्याकडची हवा तुला ठाऊक आहे. खिडकीचे गज वर्षाला रंगवले नाहीत तर पोपडे धरतात. मी ज्या केंद्रात होते, तिथं देणगीत आलेलं एक यंत्र होतं, बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणारं. पहिल्याच पावसाळ्यात सेल बसतात त्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला. कागद केले, दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही. त्याच श्रावणात रात्री एक कोळीण नऊ महिन्यांचं मूल पदराखाली घेऊन आली. मी घड्याळ धरून मोजलं, 64. छाती आत ओढली जात होती. खाडीवरची लाँच बंद, म्हणून उत्तन-भाईंदरच्या लांबच्या रस्त्यानं रिक्षा. मूल वाचलं. पण ऑक्सिजन किती उतरलाय हे कळतच नव्हतं, आणि त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला आठवतो. यंत्र कपाटातच होतं.

म्हणून सांगते, दोन वह्या कर. एकीत यंत्र जिथं चुकलं ते सगळं लिही: मूल रडत होतं, दूध पीत होतं, आईनं मुलाला हलवलं, अंगावर घट्ट दुपटं होतं. मार्गदर्शकांना आवडो न आवडो, ती वही लपवू नकोस. लेखातही या चुका येऊ देत. दुसरीत लिही की यंत्र कुणी वापरलं आणि कुणी गुपचूप बाजूला ठेवून हातानं मोजलं. बाजूला ठेवणारीला जाब विचारू नकोस, तिच्याजवळ बस. तिला काहीतरी ठाऊक असतं.

आणि नाव छापताना त्या बाईचंही छाप. तिच्याशिवाय तुझे आकडे आले नसते.

आषाढात एक रविवार काढ. बोरिवलीहून लाँचनं ये, यंत्र पिशवीत साधंच टाकून आण, खोक्यात नको. आमच्या गावच्या आशा सेविका ताईंना मी सांगून ठेवलं आहे. यंत्र त्यांच्या हातात दे आणि तासभर काही बोलू नकोस.

तुझी,
आत्या