18 रुपयांचं गणित

“समाजसेवा कर हवी तर, पण आधी नोकरी लागू दे.” सामाजिक उद्योगात जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना सातारा-सांगलीच्या घरांत हे हमखास ऐकावं लागतं. पालकांची काळजी रास्त आहे. घोळ ‘समाजसेवा’ या शब्दाने होतो. सामाजिक उद्योगाचा डोलारा मुख्यतः ग्राहकाने मोजलेल्या पैशावर उभा असतो, आणि तो ग्राहक बहुधा गरीब असतो. म्हणून इथे हिशोब जास्त पक्का लागतो.

म्हसवडचंच बघा. तिथला माण तालुका कायमचा दुष्काळी. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर प्लास्टिकचा कागद टाकायला पैसे साठवायचे होते. रक्कम इतकी किरकोळ, की बँक खातं उघडेना. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला-सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्जावर प्रवर्तक बायकांच्या सह्यांऐवजी अंगठे होते. बायका अक्षरं गिरवायला बसल्या. पुढच्या खेपेला त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पासबुक घरी नेलं की शिल्लक नवऱ्याला कळते, हेही बायकांनीच सांगितलं. मग बँकेने पासबुकाऐवजी कार्डाची सोय केली.

आता वही घ्या. समजा, भाजीवाली सकाळी सावकाराकडून 900 रुपये उचलते आणि संध्याकाळी 1000 परत करते. महिन्यात 25 दिवस धंदा केला तर व्याजाचेच 2500 रुपये गेले. तेच 900 रुपये दरमहा शेकडा 2 दराने दिले, तर महिन्याचं व्याज होतं 18 रुपये. बाईचा फायदा डोळ्यांना दिसतो. पण कर्ज देणाऱ्या तुमचं काय? वसुलीला जाणाऱ्याचं पेट्रोलही त्या 18 रुपयांत निघत नाही. 1000 कर्जदार झाले तरी हाती 18,000 येणार. त्यातून ठेवीदारांचं व्याज, पगार, बुडीत कर्ज. मग कर्जाची रक्कम वाढवायची, गट करून वसुली एकत्र करायची, की जोडीला दुसरी सेवा द्यायची? सामाजिक उद्योगाचं नियोजन म्हणतात ते हेच. बांगलादेशात 1983 साली औपचारिक बँक झालेल्या ग्रामीण बँकेने गटांचा मार्ग धरला.

हे गणित सोडवताना ज्याची झोप उडते, त्याने या वाटेला जावं. फक्त डोळे पाणावत असतील, तर देणगी देऊनही मदत करता येते.

शिकायचं काय? बारावीनंतर वाणिज्य, कृषी, अभियांत्रिकी, काहीही चालेल. एक कौशल्य मात्र हातात पक्कं हवं. पदवीनंतर आणंदची ‘इर्मा’ ही संस्था ग्रामीण व्यवस्थापनासाठी नावाजलेली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक उद्योजकतेचं पदव्युत्तर शिक्षण 2007 पासून सुरू झालं. प्रवेशाचे नियम बदलतात, ते त्या वर्षीचे पाहा. त्यानंतर दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या संस्थेत, सहकारी बँकेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत पगारावर काम करा. तिथे चुकांतून शिकता येतं, घर गहाण न ठेवता. पालकांच्या काळजीवरही हाच उतारा.

स्वतःचं काढाल तेव्हा नोंदणी कामाप्रमाणे ठरवा. सभासदांच्या मालकीचं असेल तर सहकारी संस्था; हळद-बेदाण्याचा व्यवहार शेतकऱ्यांनी मिळून करायचा असेल तर उत्पादक कंपनी; नफा वाटायचाच नसेल तर कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी. धंदा कळायच्या आधी नोंदणीला धावू नका.

पालकांनो, भांडण महिनाभर पुढे ढकला. चार आठवडी बाजार मुलीला एकाच विक्रेतीशेजारी बसू द्या. माल कितीला घेतला, उसने किती, व्याज किती, उरलं काय, सडलं काय, सगळं वहीत उतरवू द्या. पाचव्या आठवड्यात ती वही आणि प्रवेशाचे अर्ज एकाच टेबलावर घेऊन बसा.