अंगठ्याच्या मुळाचे दुखणे : ओळख आणि काळजी



बेणे, खत, पाणी, तोडणी यांविषयी आपण या पत्रिकेतून नेहमीच बोलतो. ज्या हातांनी ही सारी कामे होतात त्या हातांविषयी मात्र क्वचित बोलणे होते. म्हणून या अंकी हा पाठ.

पन्नाशी ओलांडलेली माणसे ज्या घरात आहेत तिथे चौकशी करून पाहा. 'डब्याचं झाकण उघडत नाही', 'धार काढताना अंगठ्यातून कळ येते', 'कुलपात किल्ली फिरवताना जीव जातो', असे कोणीतरी सांगेलच. हा विकार बायकांत, विशेषतः पाळी गेल्यानंतर, अधिक आढळतो. आणि आपल्याकडची बाई विचारल्याशिवाय दुखणे सांगत नाही.

दुखते कोठे व का?

अंगठा मनगटाला जिथे मिळतो तिथे खोगिराच्या आकाराचा एक लहान सांधा आहे. खोगिरावरचा स्वार जसा पुढे-मागे झुकतो आणि बाजूलाही कलतो, तसाच या सांध्यामुळे अंगठा फिरतो व चिमटी धरता येते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती झिजली की हालचाल सुरळीत होत नाही, सांधा दुखतो. गाडीच्या आसाला वंगण नसले म्हणजे चाक जसे कुरकुरते, तसेच हे.

अंगठ्याच्या टोकाशी चिमटीत एक किलोचा जोर लावला तर मुळाच्या सांध्यावर तो सुमारे बारापट पडतो, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. आता आपली कामे आठवा : दिवसभर खुरपे, उसाचे पाचट ओढणे, मोळी आवळणे आणि आपल्या वसमत भागात हळदीचे गड्डे व हळकुंडे वेगळी करणे. कामानेच झीज होते असे नाही. वय, आनुवंशिकता, जुनी दुखापत हीही कारणे आहेत. पण दुखऱ्या सांध्याला चिमटीचे काम फार जाचते, हे नक्की.

हेच दुखणे कशावरून?

कळ अंगठ्याच्या मुळाशी असते, चिमटीत किंवा पिळताना वाढते. पकड ढिली होते, हातातली वस्तू निसटते. पुढे मुळाशी हाड वर आल्यासारखे दिसते. मात्र रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर ती नस दबल्याची खूण असू शकते. दोन्ही हातांचे बरेच सांधे सुजून सकाळी तासभर आखडत असतील तर आमवाताची शंका घ्यावी. त्याचे उपचार वेगळे असतात व ते लवकर सुरू करावे लागतात. सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरी काय करावे?

१. चिमटीऐवजी मूठ वापरावी. कोयता, खुरपे यांच्या मुठीला जुनी सायकल ट्यूब गुंडाळून मूठ जाड करावी. झाकण ओल्या फडक्याने, तळव्याच्या जोरावर उघडावे.

२. अंगठा मुडपून त्याच्या पेराने सड दाबायची सवय सोडावी. तिने अंगठ्यालाही इजा आणि जनावराच्या सडालाही. चारी बोटे व तळवा यांच्या मुठीत सड धरून धार काढावी.

३. एकच काम तासन् तास करू नये. अर्ध्या-पाऊण तासाने काम बदलावे.

४. कामाच्या वेळी अंगठ्याला आधार देणारा पट्टा बांधावा. तो आठ दिवसांत टाकून देऊ नये. तीन-चार महिने नेमाने वापरला तरच गुण कळतो.

५. कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून मग व्यायाम करावा. तांब्या धरल्यासारखी अंगठा व बोटांची कमान करून पाच अंक मोजावेत. असे दहा वेळा. नंतर तर्जनी अंगठ्याकडे सरकवावी व दुसऱ्या हाताच्या बोटाने तिला हलकासा विरोध करावा. कळ वाढली तर थांबावे.

हळदीच्या गरम लेपाने शेकल्यासारखे बरे वाटते, पण झिजलेली कूर्चा भरून येत नाही.

औषधांबाबत सावधगिरी

पहिल्यांदा वरून लावायचे डायक्लोफेनॅकचे मलम वापरून पाहावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार वा पोटात व्रण असणाऱ्यांना त्या घातक ठरू शकतात. नाव नसलेल्या पुड्या तर मुळीच घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. दोन दिवसांत आराम पडतो, पण पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. सांध्यात द्यायच्या इंजेक्शनाने काहींना थोडे दिवस बरे वाटते. सर्व उपाय थकल्यावर सांध्याखालचे छोटे हाड काढण्याची शस्त्रक्रिया आहे. १९४९ साली इंग्लंडमधील डॉ. गर्व्हिस यांनी तिची माहिती प्रसिद्ध केली, आणि ती आजही केली जाते.

तपासणीसाठी दूर जायला नको. हिंगोलीत जिल्हा रुग्णालय आहे, आणि २०२४ साली तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे.

झीज मागे फिरत नाही, पण कळ कमी होते आणि हात कामाचा राहतो. एवढे वाचून झाल्यावर पत्रिका बाजूला ठेवा आणि घरातल्या माउलीला विचारा : 'अंगठा दुखतो का गं?'