गरम झालेलं इंजिन: दुरुस्ती करायची की दुसरं बसवायचं?



व्हिडिओत फळ्यावर जो हिशेब मांडला, तोच इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

चित्र असं धरा. तुमची एकच गाडी आहे, हप्ता चालू आहे. न्हावा शेवाहून माल भरून पुण्याला निघालीय. खोपोली सुटली की बोरघाट. खंडाळ्यापर्यंत जवळपास ५०० मीटर उंची चढायची. भार पूर्ण, गिअर खालचा, वेग कमी, म्हणजे रेडिएटरला वाराही कमी. टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. ड्रायव्हरचा फोन येतो, "शेठ, खंडाळ्यापर्यंत ओढू का?" नाही! याच दहा मिनिटांत गॅस्केटचं काम इंजिनच्या कामावर जातं. गाडी बाजूला घ्यायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतायचं नाही. बिडाला तडा जातो.

आता गाडी टो करून कळंबोलीत आणली. एक मेकॅनिक म्हणतो, "इंजिन गेलं, दुसरं बसवा." दुसरा म्हणतो, "गॅस्केट टाकू, उद्या गाडी घेऊन जा." गंमत बघा, दोघांपैकी एकानेही हेड उघडलेलं नाही. माझं सांगणं एवढंच की निर्णय आत्ता घ्यायचाच नाही. आधी फक्त हेड उतरवायची मजुरी ठरवा आणि स्वतः समोर उभे राहा. हेड वाकलंय का, ते पट्टी आणि फीलर गेज लावून दिसतं. तडा आहे का, ते प्रेशर टेस्टमध्ये कळतं. लायनरवर उभे ओरखडे आहेत का, ते तुम्हालाही डोळ्यांनी दिसेल. ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी आत शिरलंय, मग बेअरिंगही उघडून बघायला लावा. सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

आणि गाडी तापली कशाने? वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पट्टा, चोंदलेला रेडिएटर, की कूलंटऐवजी वर्षभर नळाचं पाणी? हे कारण सापडलं नाही तर नवं इंजिनही त्याच घाटात तापेल.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे तुम्ही टाका. डिझेल, टोल, भत्ता वजा जाता गाडी रोज २,५०० रुपये देते असं समजा. म्हणजे एका दिवसाचा खाडा २,५०० चा. (हप्ता यात वेगळा मिळवू नका, तो याच पैशातून जाणार होता. ही चूक बरेच जण करतात.)

फक्त हेडचं काम: ४५,००० आणि ५ दिवस खाडा, एकूण ५७,५००. लायनर चांगले असतील आणि गाडी २४ महिने चालली, तर महिन्याला साधारण २,४०० पडले. पण लायनरवर ओरखडे असताना हेच काम केलं आणि ३ महिन्यांत गाडी परत उभी राहिली, तर महिन्याला १९,००० च्या वर! सगळ्यात स्वस्त बिल सगळ्यात महाग पडलं.

फुल इंजिन काम: १,८०,००० आणि १८ दिवस, एकूण २,२५,०००. ३६ महिने धरले तर महिन्याला ६,२५०.

जुनं जमा करून रिकंडिशन इंजिन: ३,२०,००० आणि ६ दिवस, एकूण ३,३५,०००. ६० महिने धरले तर महिन्याला साधारण ५,६००. म्हणजे हेच बरं, नाही का?

थांबा. तुम्ही ही गाडी आणखी ६० महिने ठेवणार आहात का? ८ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावी लागते. चॅसी, गिअरबॉक्स, केबिन यांचंही वय झालेलं असतं. तीनच वर्षं ठेवणार असाल तर त्याच इंजिनचा भाग महिन्याला ९,३०० होतो आणि फुल काम स्वस्त ठरतं. विकताना थोडा जास्त भाव येईल, पण घातलेला सगळा पैसा परत येत नाही. म्हणून भागताना इंजिनचं आयुष्य आणि गाडी ठेवायचे महिने, यातला लहान आकडा घ्यायचा. मेकॅनिक तुम्हाला पहिला आकडा सांगेल. दुसरा फक्त तुम्हालाच माहीत असतो, आणि तो रात्री घरी बसून, घरच्यांसमोर ठरवायचा असतो; गॅरेजच्या दारात नाही.

विम्याची आशा धरू नका. साध्या मोटार पॉलिसीत मशीन आपोआप बिघडण्याचा खर्च मिळत नाही.

भंगारातलं इंजिन स्वस्त मिळतंय? आधी ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद आणि पक्कं बिल मागा. इंजिन नंबर बदलला की आरसीवर तो बदलून घ्यावा लागतो. पनवेलची, म्हणजे एमएच ४६ ची गाडी असेल तर पनवेल आरटीओत, आणि मग विमा कंपनीलाही कळवायचं. कागद नाहीत म्हणाला तर तिथून निघा, चहासुद्धा घेऊ नका.

काम झाल्यावर वॉरंटी कशावर आणि किती, ते बिलावरच लिहून घ्या. पहिल्या काही फेऱ्या तळोजा ते न्हावा शेवा अशा सपाट मार्गाच्या घ्या, रोज सकाळी थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघा. ती खाली जात नाही याची खात्री झाली की मगच घाटाचं भाडं उचला.