समोरच्याला हुशार वाटायचंय? आधी आपला एक आकडा पाठ करा

व्हिडिओत हा विषय जरा घाईत झाला. मसाल्याचं गणित तर अर्ध्यावरच सोडलं होतं. म्हणून इथे नीट लिहितोय. वही-पेन घेऊन बसलात तर बरं.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. कागदी द्रोण-पत्रावळीचं मशीन घ्यायचं म्हणून मी पहिल्यांदा बँकेत गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, आणि डोक्यात रात्रभर घोकलेले इंग्रजी शब्द. मॅनेजर साहेबांसमोर बसलो आणि सुरूच झालो. इको-फ्रेंडली, स्केलेबल, टार्गेट ऑडियन्स, ह्यूज पोटेन्शियल. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शंभर द्रोणांमागे तुम्हाला किती सुटतात?"

मी म्हणालो, "सर, मार्केट खूप मोठं आहे."

"ते असेल हो. तुम्हाला किती सुटतात?"

गप्प. त्यांनी फाईल बंद करून माझ्याकडे सरकवली. "हिशोब करून या." राग अजिबात नव्हता आवाजात, म्हणून जास्त लागलं. त्या खोलीत मी मूर्ख ठरलो होतो, आणि ठरलो तो हुशार दिसायच्या नादात!

पुढे कधीतरी एक अभ्यास वाचनात आला. डॅनियल ओपनहायमर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी लोकांना काही मजकूर वाचायला दिले, त्यात विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लिहिलेले निबंधही होते. काहींना साध्या शब्दांतला निबंध, काहींना तोच निबंध पण साध्या शब्दांच्या जागी जड शब्द घातलेला. मग विचारलं, लिहिणारा किती हुशार वाटतो? जड शब्दवाला कमी हुशार वाटला. वाचायला त्रास होईल अशा अक्षरात छापलं तरी तोच प्रकार. 2006 साली हा अभ्यास छापून आला आणि त्याच वर्षी त्याला इग नोबेल मिळालं. म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. (व्हिजिटिंग कार्डावर वेलांट्या-फुलांट्यांचं अक्षर घेणाऱ्यांनी हे जरूर मनावर घ्यावं.)

कारण सरळ आहे. ऐकणाऱ्याला आपलं बोलणं समजायला कष्ट पडले की तो स्वतःला दोष देत नाही, आपल्याला देतो.

आता मुद्द्याचं. धंद्यात समोरचा माणूस आपली हुशारी कशावर जोखतो? आपला माल, आपला खर्च आणि आपली सुटका यांचा आकडा तोंडावर आहे की नाही, यावर. एक उदाहरण घेऊ. कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एक ताई माझ्या बॅचमध्ये होत्या. त्यांचा नेमका हिशोब उघड करत नाही, सोपे आकडे घेतो. जीएसटीही सध्या बाजूला ठेवू.

200 ग्रॅमचं पाकीट, एमआरपी 100 रुपये. दुकानदाराला 80 ला देता. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तेल, कांडप, पाकीट, लेबल आणि पोचवायचा खर्च धरून एका पाकिटाला 56 रुपये जातात. म्हणजे पाकिटामागे 24 सुटले. पण हा नफा नव्हे हं! जागेचं भाडं, मदतनीस बाईंचा पगार आणि लाईट बिल मिळून महिन्याला 18,000 धरा. माल विको न विको, ते जाणारच. 18,000 भागिले 24, म्हणजे 750 पाकिटं. महिन्याचे 26 दिवस काम धरलं तर रोज साधारण 29. तिसाव्या पाकिटापासून तुमची कमाई सुरू.

आता दुकानदार म्हणतो, "ताई, 20 टक्के परवडत नाही, 25 करा. पाचच रुपयांचा तर प्रश्न आहे." मान डोलावली की काय होतं बघा. भाव 75, सुटले 19. 18,000 भागिले 19, म्हणजे 948 पाकिटं! त्या पाच रुपयांपायी महिन्याला जवळजवळ 200 पाकिटं जास्त विकावी लागतील, तेव्हा कुठे बरोबरीला याल.

त्या ताई फार बोलणाऱ्या नव्हत्या. इंग्रजी तर नाहीच. त्यांनी दुकानदाराला एवढंच सांगितलं, "भाऊ, पाच रुपये सोडले तर मला दोनशे पाकिटं जादा विकावी लागतात. तेवढी उचलणार असाल तर बोलू." दुकानदाराने पहिल्यांदा त्यांना बसायला स्टूल दिलं. भाव 80 वरच राहिला.

इथे एक खड्डा आहे. बरेच जण त्यात पडतात. 20 टक्के कशावर? दुकानदार बोलतो ते एमआरपीवर, 100 वर 20. तुम्ही जर आपल्या 80 वर 20 टक्के लावले तर 96 येतात आणि दोघांचं भांडण सुरू! भाव बोलण्याआधी "टक्के विक्रीच्या किमतीवर ना?" एवढं विचारा. असा प्रश्न विचारणारा माणूस कच्चा वाटत नाही. उलट, याला धंदा कळतो असंच समोरच्याला वाटतं.

आणि उत्तर माहीत नसलं तर? द्रोणाचा हिशोब करून मी तीन आठवड्यांनी परत त्याच बँकेत गेलो. या वेळी वही घेऊन. साहेबांनी विचारलं, मशीन बंद राहिलं तरी लाईट बिलात स्थिर आकार किती पडेल? मला माहीत नव्हतं. जुना मी काहीतरी ठोकून दिलं असतं. म्हणालो, "साहेब, हे मी पाहिलेलं नाही. उद्या अकरापर्यंत सांगतो." दुसऱ्या दिवशी साडेदहाला वीज कार्यालयातून विचारून आकडा घेऊन त्यांच्यासमोर उभा होतो. मागितलं त्यापेक्षा कर्ज कमी मिळालं, पण मिळालं.

कपडे स्वच्छ, फोन सायलेंट, समोरच्याचं वाक्य मध्येच तोडायचं नाही, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

आजचं काम: तुमचे 24, 18,000 आणि 750 कोणते, ते काढा. मग मोबाईलवर स्वतःचं एका मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करा, हे तीन आकडे सांगून. घरातल्या कुणालातरी ऐकवा. त्यांनी "म्हणजे काय?" विचारलं की तिथलं वाक्य बदला आणि परत रेकॉर्ड करा. पुढच्या भागात उधारी घेऊ. तेव्हा हेच आकडे लागणार आहेत.