तळ्याचे पाणी

चित्रपट म्हणजे केवळ करमणूक, असे पुष्कळांना वाटते. परंतु काही चित्रपट आपल्याला इतिहासाचे दर्शन घडवितात. डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा असाच एक चित्रपट होय. मूळ इंग्रजी भाषेतील हा चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला. त्यात बाबासाहेबांची भूमिका मामुट्टी या मल्याळी नटाने केली व तिच्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या चित्रपटात महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग आहे. बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरतात आणि ओंजळभर पाणी पितात. ओंजळभर पाण्याचे एवढे महत्त्व ते काय, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर मुंबईपासून सुरू होते.

त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यांना शिवण्याची बंदी असे. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा या लोकांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. तो संमत झाला. दादरच्या एका रस्त्याला आज याच बोले यांचे नाव आहे. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांना खुले केले.

परंतु हे सारे कागदावरच राहिले. गुरे तळ्यावर पाणी पीत. माणसांना मात्र मज्जाव होता!

बाबासाहेब तेव्हा परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहत असत. परळच्याच दामोदर हॉलमध्ये त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतील हजारो लोक त्यांच्यामागून शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. पुष्कळजण जखमी झाले. तरीही बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना हात उगारू दिला नाही. पुढे वाद न्यायालयात गेला. अखेर १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली!

अशीच झुंज अमेरिकेतही झाली. तेथील राज्यघटनेत समतेचे अभिवचन असूनही माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय उतारूंना गोऱ्यांसाठी बसमधील जागा सोडावी लागे. १९५५ च्या डिसेंबरात त्यांनी बसवर बहिष्कार घातला. ३८१ दिवस कोणी पायी, तर कोणी मिळेल त्या वाहनाने कामावर गेले. आणि न्यायालयाच्या निर्णयाने ती रूढी मोडली. त्यांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले, तेव्हा मुंबईत गिरगावाजवळच्या मणिभवनात राहिले होते.

महाड आणि माँटगोमेरी यांच्यामध्ये सात समुद्र आहेत. पण दोहोंची शिकवण एकच आहे. हक्क कागदावर लिहिल्याने पुरा होत नाही. तो बजावण्यासाठी कोणीतरी निर्भयपणे पहिले पाऊल टाकावे लागते.

स्वाध्याय

१. तळे खुले होऊनही लोकांना पाणी का मिळत नव्हते?
२. ‘एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. वाक्यात उपयोग करा : मज्जाव असणे, हात उगारणे, हक्क बजावणे.