भोगवर्धनचे कारागीर

उद्योगधंदे म्हटले की मुंबई, पुणे, फार तर जालना आपल्या डोळ्यांसमोर येते. भोकरदनचे नाव त्या यादीत कोणी घेत नाही. तालुक्याचे ठिकाण, आठवडी बाजार आणि भोवतालची शेती एवढीच आपल्या गावाविषयी आपली समजूत. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे कारागिरांचे नगर होते. हे कशावरून म्हणायचे आणि त्यातून आज आपण काय घ्यायचे, याचा विचार मला येथे करावयाचा आहे.

प्रथम नाव पाहू. भोकरदन हे ‘भोगवर्धन’ या नावाचे बदललेले रूप होय. मार्कंडेय पुराणात दक्षिणेकडील लोकांच्या यादीत अश्मकांच्या जोडीने भोगवर्धनांचा उल्लेख येतो. मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपावर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. इतक्या लांबच्या स्तूपाला दान देणाऱ्यांपाशी शिल्लक पैसा होता आणि तिकडे जाणारा रस्ता त्यांच्या पायाखालचा होता, हे उघड आहे.

१९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांनी ते चालविले. सातवाहनकाळच्या थरांत मणी, शंखाच्या वस्तू, नाणी मिळाली. सर्वांत गाजली ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. या साम्यावरून ती मूर्ती भोकरदनच्याच कारागिरांची असावी, असे काही अभ्यासक मानतात. तिच्यावरील खरोष्ठी अक्षरामुळे इतर काहीजण तिचा संबंध वायव्य भारताशी जोडतात.

मला यात मूर्तीपेक्षा कच्च्या मालाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. अकीकासारखे दगड आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत मिळतात. शंख मात्र समुद्राचा आणि हस्तिदंत अरण्याचा. म्हणजे निम्मा माल बाहेरून येत होता. गावाचे स्वतःचे असे दोनच भांडवल: हातातील कसब आणि दारावरून जाणारा रस्ता. पैठणहून अजिंठ्याच्या डोंगराकडे व पुढे उत्तरेकडे जाताना भोकरदन वाटेवर पडते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदरात जात असे, असे वर्णन आहे. त्या बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंतही होता.

तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता संपली, रोमशी चालणारा व्यापारही आटला आणि दख्खनमधील व्यापारी नगरांना उतरती कळा लागली. बाजारपेठ गेली की कसब पोट भरू शकत नाही.

हाच धडा पुढे जालन्याने उलट बाजूने दिला. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली. भोकरदनला रूळ आले नाहीत. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याचा धंदा मोठा दिसला, तरी त्याचा पाया शेतात आहे. कपाशीचे वा भेंडीचे एकेक फूल हाताने उघडून, त्यातील पुंकेसर काढून, दुसऱ्या झाडाचा पराग त्यावर लावावा लागतो. हे काम बहुतांशी स्त्रियांची बोटे करतात. हस्तिदंत कोरणारी बोटे आणि ही बोटे यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण पदवी घेऊन नोकरीसाठी बाहेर जातील. त्यात गैर काही नाही. पण ‘आपल्या गावात काय आहे?’ असे म्हणून जाऊ नये. येथे खनिज नव्हते, बंदर नव्हते, तरी उद्योग उभा राहिला होता. कसब शिकविणारे आणि माल बाजारापर्यंत नेणारे लोक असले, की लहान गावही मोठे होते.

शेवटी एक विनंती. पाया खणताना किंवा नांगरताना जुना मणी, नाणे, खापर हाती लागले तर ते फेकू नये, विकूही नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. निदान आपल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना तरी ती वस्तू दाखवावी. भोगवर्धनच्या कारागिरांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. त्यांचे काम हीच त्यांची साक्ष आहे.