इंदूरला निघालीस, तर कापडाचं ऐकून जा

दिवाळीला आईबरोबर मामाकडे इंदूरला चाललीस आणि येताना गोधडीसाठी कापड आणायचं म्हणतेस, हे ऐकून मला फार बरं वाटलं. ते माझंही माहेर, तो बाजार माझ्या पायाखालचा. सांगण्यासारखं बरंच आहे, पण सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट: गोधडीचं कापड एकटं बघून घ्यायचं नसतं. ते घरातल्या जुन्या कापडांबरोबर वर्षानुवर्षं नांदायचं असतं. दुकानात कितीही देखणं वाटलं, तरी सोबतच्यांशी जमणार नसेल तर सोडून द्यायचं.

निघण्याआधी हातातल्या गोधडीतल्या प्रत्येक कापडाची बोटभर पट्टी काप, पुठ्ठ्यावर टाच आणि पर्समध्ये ठेव. फोनमधल्या फोटोवर रंग जुळवू नकोस, फोन रंग बदलतो. दुकानातली ट्यूबलाइटही बदलते. कापड उचलून दारापर्यंत आणायचं, उन्हात पट्टी शेजारी धरायची आणि मगच हो म्हणायचं. चांगला दुकानदार याला कधी ना म्हणत नाही. सोबत टेप आणि एक पांढरा सुती रुमाल असू दे. रुमालाचं पुढे सांगते.

माप घरूनच लिहून ने. एका माणसाची गोधडी 5 फूट रुंद आणि 7 फूट लांब धर. सुती कापडाचा पन्हा बहुतेक 44 इंच येतो, म्हणजे एका बाजूला दोन लांबी जोडाव्या लागतात. कोरं सुती कापड धुतल्यावर 3 ते 5 टक्के आटतं, कडेची दुमड वेगळी. हे सगळं धरून 4 मीटर 75 सेंटिमीटर कापड घे. रुंदीत उरेल त्याची ठिगळं होतील, वाया काही जात नाही. 58 इंच पन्हा मिळाला तर जोड टळतो आणि अडीच मीटरमध्ये काम होतं, पण मग गोधडी 54 इंचांचीच धरायची. हे गणित दुकानात उभं राहून करायला गेलं की माणूस एकतर कमी घेतं नाहीतर दुप्पट.

गेल्या गेल्या बाजार काढू नकोस. दिवाळीच्या गर्दीत कुणी ताका उलगडून दाखवत नाही आणि घरी मामी फराळाच्या गडबडीत असते. भाऊबीज होऊ दे, दुकानं नीट उघडू देत, मग जा. आणि मामीला घेऊन जा. तिची दुकानं ठरलेली आहेत, तिच्यासमोर भाव वेगळा निघतो. शिवाय तुला तिच्याबरोबर निवांत बसायला एरवी कुठे मिळतं? तिनं एखादं कापड आवडीनं उचललं तर तेवढं तिच्या पसंतीचं घे, अर्धा मीटर का होईना.

बाजाराच्या आधी घरची ट्रंक. आपल्या गोधडीचा जीव जुन्या लुगड्यांत आहे. कितीतरी वेळा धुऊन मऊ झालेलं सूत विकत मिळत नाही. म्हणून तर तान्ह्या बाळाचं दुपटं नव्या कापडाचं करत नाहीत. मामीकडे जुन्या सुती साड्या, मामाची धोतरं नक्की निघतील. पण मागण्याची रीत पाळ. चारचौघांत मागू नकोस, दुपारी ती एकटी असताना विचार. आजीचं लुगडं असेल तर आधी मामीच्या हातात दे आणि थांब. काही कापडं ठेवायचीच असतात, तिचा हात सैल झाला नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही. जे मिळेल ते उजेडाकडे धर. वीण विरळ दिसली किंवा दोन्ही हातांनी हलकं ताणल्यावर बारीक चर्र आवाज आला, तर तो भाग सोडून दे. साडी आधी फाटते ती बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला. पदराकडचा आणि आतल्या बाजूचा भाग बहुधा धड असतो. नायलॉन, टेरिलीनच्या साड्या मात्र प्रेमानं दिल्या तरी गोधडीत घालू नकोस. त्या घाम शोषत नाहीत आणि त्यांच्या सोबतीचं सूत लवकर झिजतं.

याच कारणासाठी नवं कापड जाड घ्यायचं नाही. जुन्या मऊ कापडाला जाड, घट्ट विणीचं नवं कापड जोडलं की प्रत्येक धुण्यात नवं ओढतं आणि जुनं टाक्याच्या कडेनं उसवतं. तू मलमल, वॉइल, कॅम्ब्रिक बघ. पॉपलिन घ्यायचंच तर पातळ, आणि तेही फक्त खालच्या अस्तराला. दोरासुद्धा सुतीच. पॉलिएस्टरचा दोरा कधी तुटत नाही म्हणून चांगला वाटतो, पण कापड त्याच्या आधी कापलं जातं.

एम. टी. क्लॉथ मार्केट घाऊक आहे. तिथे ताक्याच्या हिशेबानं बोलतात, एका गोधडीसाठी पायपीट करू नकोस. सीतलामाता बाजारात मीटरवर मिळतं, कटपीसही मिळतात. कटपीस स्वस्त म्हणून गठ्ठा उचलायचा नाही, प्रत्येक तुकडा पूर्ण उघडायचा. घडीवर उन्हानं उडालेली रेघ असते, कडेला विणीतला दोष असतो. कापड हातात आलं की दोन तळव्यांत जोरात चोळ. पांढरी भुकटी पडली तर खळ भरलेली आहे. ती धुण्यात गेली की मागे जाळी उरेल. बोट ओलं करून टेकव. सूत पाणी लगेच पितं, मिश्र धाग्यावर थेंब जरा वेळ तसाच राहतो. तरी शंका असेल तर कडेचा एक धागा मागून घे आणि दुकानाबाहेर येऊन काडी लाव. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो, राखेची बोटात भुकटी होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. आता तो रुमाल. त्याचा कोपरा ओला करून कापडाच्या मागच्या बाजूला घास. गडद लाल, निळा आणि काळा यांना ही परीक्षा चुकवू नकोस. रुमालावर फिकट छटा आली तर धुऊन भागेल, पण ढळढळीत रंग उतरला तर ते कापड शेजारच्या पांढऱ्या लुगड्याचा घात करणार.

मोजून झाल्यावर दुकानदाराला कात्री लावू देऊ नकोस, टरकावून मागायचं. साधं सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. कात्रीनं तिरकं गेलं तर दोन्ही टोकांना चार-चार बोटं वाया जातात.

आता बाग प्रिंट. याच्यासाठी मात्र पैसे राखून ठेव. धार जिल्ह्यात बाग नावाचं गाव आहे, गुंफांसाठी प्रसिद्ध, तिथली खत्री घराणी ही छपाई करतात. कोरं कापड आधी एरंडेल, बकरीच्या लेंड्या आणि खार यांच्या पाण्यात मुरवतात, वाळवतात, मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. लाकडी ठशांनी तुरटीची आणि लोखंडाच्या गंजाची छपाई होते. नंतर वाहत्या नदीत धुऊन, अलिझरीन आणि धावड्याची फुलं घातलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळतात. तुरटीच्या जागी लाल उमटतो, गंजाच्या जागी काळा. इतकं धुतलेलं आणि उकळलेलं कापड आपल्या घरात येण्याआधीच बरंचसं आटून मऊ झालेलं असतं, म्हणून ते जुन्या लुगड्याशेजारी छान बसतं. माझ्या मते नव्या कापडांत गोधडीला याच्याइतकं जवळचं दुसरं नाही.

पण नकला फार. खरं कापड उलटं करून बघ. ठशाचा रंग मागे झिरपलेला दिसतो. दोन ठसे जिथे मिळतात तिथे केसभर सांधा चुकलेला असतो, एक फूल गडद तर एक जरा फिकं. सगळं काटेकोर सारखं आणि पाठ पांढरी, तर ती स्क्रीनची छपाई. खात्री होईना तर मृगनयनीत जा. ते मध्य प्रदेश सरकारचं दुकान आहे, तिथे आधी खरं कापड हाताळ आणि मग बाजारात फीर. आणखी एक, जे दुकानदार सांगणार नाही: लोखंडाचा काळा सुताला हळूहळू खातो. जुन्या छापील कापडांत सगळ्यात आधी काळ्या जागा विरतात. म्हणून काळं जास्त असलेलं कापड गोधडीच्या कडेला लावू नकोस, जिथे हात पडतो, ओढ बसते. ते मधे घे, लाल कडेला ठेव.

महेश्वरला मामा नेईलच. घाट बघ, अहिल्याबाईंचा वाडा बघ, साडी आवडली तर साडी म्हणून घे. गोधडीसाठी नको. महेश्वरीत उभा धागा बहुधा रेशमाचा असतो. तो सुईखाली सरकतो, धावदोऱ्याला धरत नाही आणि आपल्या रोजच्या धुण्याला टिकत नाही.

तुझ्या ताईचा न्यू जर्सीहून फोन आला होता, तिकडून क्विल्टचं कापड पाठवू का म्हणून. तिला मोजकंच सांग. तिथलं कापडही 44 इंच पन्ह्याचं असतं, रंग सुरेख आणि पक्के, पण वीण घट्ट. आपल्या चार-सहा थरांतून हातातली सुई त्यात दमते. तिकडे 18 बाय 22 इंचांचे तुकडे मिळतात, त्यांना फॅट क्वार्टर म्हणतात. ठिगळांना तेवढे पुरेत. आणि तिकडची जोअ‍ॅन नावाची कापडाची मोठी दुकानं 2025 मध्ये बंद झाली, तेव्हा तिला उगाच शोधायला लावू नकोस.

परत येताना कापडाच्या घड्या घालू नकोस, गुंडाळ्या कर, म्हणजे घडीवर रेघ पडत नाही. इंदूरहून शेव येणारच, ती दुसऱ्या पिशवीत. तेलाचा डाग कोऱ्या सुतातून सहजासहजी जात नाही. मामीच्या जुन्या साड्यांना चिठ्ठी टाचून ठेव, कुठली कुणाची ते आत्ताच लिही.

घरी आल्यावर प्रत्येक रंग वेगळा, थंड पाण्यात, साबण न लावता बुडव. मिठानं रंग पक्का होतो असं सगळ्या बायका सांगतात. त्यावर विसंबू नकोस, सुटा रंग फक्त पाण्यानंच निघतो. सावलीत वाळव, पुन्हा बुडव. पाणी नितळ दिसेपर्यंत कात्री कपाटातून काढायची नाही.